परक्या तारवांचे नोर : जहाजबांधणीच्या अर्थकारणाची प्रस्तावना

कोकणपट्टीच्या जुन्या बंदरांवर ‘नोर’ हा शब्द रोजच्या वापरातला होता. गलबतातून माल अथवा माणूस नेण्याबद्दल जे भाडे द्यावे लागे, ते नोर. राजापूरचा व्यापारी मुंबईस माल धाडी तेव्हा त्याच्या खतावणीत खरेदीची किंमत, हमाली, जकात आणि नोर अशा रकमा एकाखाली एक पडत. आणि पहिल्या तीन रकमांविषयी त्याने कितीही घासाघीस केली तरी, चौथी रक्कम कोणाच्या हाती जाते यावर त्याच्या गावाचे बरेच काही अवलंबून असे. गलबत गावच्याच नाखव्याचे असले, तर ते नोर खाडीकाठीच फिरे. त्यातून सुताराची मजुरी निघे, काथ्या वळणाऱ्या बाईचे चार पैसे निघत, शिडाचे कापड, डांबर, तेल आणि खिळे यांचे देणे भागे, आणि उरलेल्यातून नाखवा पुढील साली दुसऱ्या तारवाचा पठाण, म्हणजे तळकणा, घाली. गलबत परमुलखाचे असले, तर मालाचे पैसे पदरात पडूनही नोराचा रुपया एकदा गाव सोडून गेला तो गेलाच. राष्ट्राच्या जहाजबांधणीचा आर्थिक विचार हा या एवढ्याशा हिशेबाचाच विस्तार आहे, अशी माझी समजूत आहे. आणि ज्या वाचकाला नौकाशास्त्राचा गंध नाही, त्यानेही या विषयात निःसंकोच प्रवेश करावा म्हणून आरंभी हीच खतावणी मी त्याच्यापुढे उघडतो.

आजची खतावणी काय सांगते? भारताच्या परदेशी व्यापारापैकी वजनाच्या मापाने सुमारे 95 टक्के माल समुद्रावरून जातो-येतो. 1987-88 साली त्यातला सुमारे 40 टक्के माल भारतीय निशाणाच्या जहाजांतून जात असे; पुढील तीन दशकांत हे प्रमाण 7-8 टक्क्यांवर उतरले. व्यापार कित्येक पटींनी वाढला, पण तो वाहून नेणारी तारवे आपण त्या मानाने वाढवली नाहीत, एवढाच याचा अर्थ. परकीय जहाज कंपन्यांना भाड्यापोटी देश दरवर्षी जे देतो, ती रक्कम पंतप्रधानांनी सप्टेंबर 2025 मध्ये भावनगरच्या सभेत सुमारे 75 अब्ज डॉलर, म्हणजे सहा लाख कोटी रुपयांच्या घरात, सांगितली. देशाच्या संरक्षणखर्चाशी जिची तुलना करता यावी अशी ही रक्कम केवळ ‘वाहतूक’ या एका सदराखाली दर साली बाहेर जाते.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो इतका सयुक्तिक आहे की त्याला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जहाज बाळगणे आणि जहाज बांधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोर वाचवायचे तर जहाजे आपल्या मालकीची हवीत हे मान्य; परंतु ती आपणच बांधली पाहिजेत असे कोठे आहे? चीन, दक्षिण कोरिया आणि जपान हे तीन देश मिळून आज जगातील नव्या जहाजांच्या टनभारापैकी नऊ-दशांशाहून अधिक टनभार बांधतात. त्यांच्याकडून स्वस्तात तयार जहाज घ्यावे, त्यावर आपले निशाण चढवावे आणि नोर मिळवावे, यात गैर ते काय? एकट्या मालवाहू कंपनीच्या जमाखर्चापुरते पाहिले तर यात गैर काहीच नाही, आणि कोणत्याही कंपनीच्या चालकाने आपल्या भागधारकांच्या हितासाठी असा सौदा केला तर त्याला मी दोष देणार नाही. पण कंपनीची खतावणी आणि राष्ट्राची खतावणी यांत फरक आहे. कंपनीच्या वहीत जहाजाची किंमत एका ओळीत खर्ची पडते. राष्ट्राच्या वहीत तीच किंमत पोलादाची जाड पत्रे लाटणाऱ्या कारखान्यापासून विजेच्या तारा, पंप, झडपा, नांगर, साखळ्या, रंग आणि होकायंत्रे यांच्या शेकडो लहानमोठ्या कारखान्यांपर्यंत वाटली जाते. परदेशी बांधलेल्या जहाजाची किंमत मात्र, त्याच्या मस्तकी निशाण कोणाचेही असो, परदेशी कारागिराच्या घरी चूल पेटवते.

तरीही माझ्या मते या धंद्याचे खरे महत्त्व या वाटणीतही नाही. ते कोठे आहे, हे एका प्रसंगाने मला दिसले.

मुंबईच्या एका गोदीत जहाजाच्या नाळेकडचे, म्हणजे पुढल्या टोकाचे, पत्रे वाकवण्याचे काम पाहण्याचा योग मला आला होता. जहाजाच्या मध्यभागीचा पत्रा जवळजवळ सपाट असतो; पण नाळेकडे आणि पिछाडीस तो एकाच वेळी दोन दिशांना वळवावा लागतो. एका दिशेचा बाक यंत्र देते. दुसरा बाक देण्यासाठी एक प्रौढ कारागीर हातात ज्योत धरून खडूने आखलेल्या रेघेवरून ती सावकाश पुढे नेत होता आणि त्याचा जोडीदार मागोमाग पाण्याची धार सोडत होता. तापलेले पोलाद पाण्याने आकसते, आणि त्या आकसण्याने पत्रा केसाकेसाने वर उचलला जातो. दर थोड्या वेळाने ज्योत बाजूला ठेवून तो कारागीर लाकडी साचा पत्र्यावर उभा करी, गुडघ्यावर बसून साचा आणि पत्रा यांच्यामधून उजेड दिसतो का ते पाही, आणि मग काही न बोलता नवी रेघ आखी. रेघ कोठे आखायची, ज्योत किती वेगाने न्यायची, पाणी किती मागून सोडायचे, हे सारे त्याच्या हातात होते. हे शिकायला किती वर्षे लागली, असे मी विचारले. तो म्हणाला, “साहेब, पहिली पाच वर्षे तर नुसतं पाणीच सोडलं.”

हेच ते. पोलाद विकत मिळते, इंजिन विकत मिळते, नकाशेही विकत मिळतात. परंतु पाच वर्षे पाणी सोडलेला हात बाजारात मिळत नाही, आणि तो हात तयार ठेवायचा तर एका जहाजामागून दुसरे जहाज सतत त्याच्यापुढे यावे लागते. ही परंपरा एकदा तुटली की तो हात दुसऱ्या धंद्यात जातो, म्हातारा होतो, आणि त्याच्याबरोबर राष्ट्राची एक मिळकत कोणत्याही दफ्तरी नोंद न होता बुडते. आपल्या इतिहासात ही मिळकत आपण एकदा नव्हे, अनेकदा कमावली आणि अनेकदा गमावली आहे.

1657 साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ केला, त्या वेळी रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज जाणत्याच्या हाताखाली काही युरोपीय कारागीर कामास होते. 1659 साली वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून ते काम टाकून निघून गेले. या घटनेकडे लष्करी इतिहासकार सहसा ओझरते पाहतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व मला फार वाटते, कारण उसन्या कौशल्याचा धनी जेव्हा मनात येईल तेव्हा ते परत नेतो, हे स्वराज्याच्या आरमाराने अगदी बाल्यावस्थेतच अनुभवले. पुढचे आरमार उभे राहिले ते किनाऱ्यावरील देशी सुतारांच्या आणि कोळी, भंडारी आदी दर्यावर्दी जातींच्या बळावर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जो विचार आहे, तोही याच प्रकारचा आहे: साग आदी लाकूड हुजुराच्या परवानगीने जंगलातून तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, पण रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेल्या आंब्याफणसाला हात लावू नये, कारण ते झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही आणि रयतेला दुःखी करून साधलेले काम टिकत नाही. राज्याच्या गरजेसाठी कच्चा माल कोठून यावा आणि त्याचा बोजा कोणावर पडू नये, याचा एवढा स्पष्ट विचार अठराव्या शतकाच्या आरंभी मराठीत लिहिला गेला, ही गोष्ट आपल्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक आदराने वाचावी अशी आहे.

दुसरे उदाहरण मुंबईच्या गोदीचे. 1736 च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार सुरतेहून ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून काही साथीदारांसह मुंबईस आले, आणि पुढे सुमारे दीडशे वर्षे त्या घराण्यातील पुरुषांनी पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गोदीतील मुख्य बांधकामकर्त्याचे पद सांभाळून तीनशेहून अधिक जहाजे पाण्यात सोडली. मलबारचा साग खाऱ्या पाण्यात ओकापेक्षा टिकाऊ ठरला, आणि नेपोलियनशी चाललेल्या युद्धात इंग्लंडला ओकाचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटिश आरमाराने मुंबईकडे मागण्या धाडल्या. ‘मिन्डेन’ 1810 साली आणि ‘कॉर्नवालिस’ 1813 साली येथूनच पाण्यात उतरली. येथेच बांधायच्या ‘ट्रिंकोमाली’ या जहाजाचे नकाशे ज्या ‘जावा’ जहाजातून येत होते, ते 1812 च्या अखेरीस अमेरिकनांनी घेऊन नष्ट केले, म्हणून नकाशांची दुसरी प्रत धाडावी लागली. ती येताच कामास आरंभ होऊन 1817 च्या ऑक्टोबरात जहाज पाण्यात गेले, आणि दोनशे वर्षे उलटून गेल्यावर आजही ते इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत आहे. ज्याला मुंबईच्या सुताराच्या हाताची साक्ष हवी, त्याने ती तेथे जाऊन पाहावी.

परंतु त्या साक्षीबरोबर दुसरीही एक साक्ष आहे, आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. 1842 साली अफूच्या युद्धात पराभूत झालेल्या चीनवर जो नानकिंगचा तह लादण्यात आला, त्यावर सह्या झाल्या त्या मुंबईत बांधलेल्या याच ‘कॉर्नवालिस’च्या डेकवर. कौशल्य आमचे, साग आमचा; हेतू आणि नफा मात्र दुसऱ्याचा. आणि जेव्हा हेच कौशल्य व्यापारी जहाजांच्या रूपाने लंडनच्या टेम्स नदीत दिसू लागले, तेव्हा तेथील जहाजबांधणाऱ्यांनी ओरड केली, आणि भारतीय खलाशी हा ब्रिटिश खलाशी समजला जाणार नाही असे कायदे झाले, ज्यांमुळे भारतीय खलाशांवर चालणारे भारतीय जहाज इंग्लंडच्या व्यापारात तोट्यात जाऊ लागले. मागणी तुटली ती अशी. पुढे वाफ आणि लोखंड यांचे युग आले. ते आपल्या कारागिरांना दिसत नव्हते असे मुळीच नाही: वाडिया घराण्यातीलच अर्देसर करसेटजींनी 1833 साली ‘इंडस’ ही आगबोट मुंबईत पाण्यात सोडली, वाफेचे शास्त्र शिकण्यासाठी ते विलायतेस जाऊन आले, आणि 1841 साली रॉयल सोसायटीचे सभासद होण्याचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. उणीव बुद्धीची नव्हती. कोळसा आणि लोखंड ज्याच्या खाणीत, आणि मागणीचा हुकूम ज्याच्या दफ्तरात, त्याच्याकडे धंदा गेला.

स्वदेशीच्या काळात धंद्याचे पहिले पाऊल पुन्हा पडले ते वाहतुकीच्या बाजूने. 1906 साली तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली; त्याच सुमारास कोकणच्या उतारूंसाठी सहकारी तत्त्वावर निघालेल्या कंपनीला लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणू लागले, आणि तिने आपल्या बोटींना संतांची नावे दिली. ‘माझी’ हा शब्द उच्चारताना कोकणी माणसाचा ऊर भरून येई. पण बोट पाहावी तर परदेशी बांधणीची. 17 जुलै 1947 रोजी रेवसला जाताना शेकडो माणसांसह बुडालेली ‘रामदास’ हीदेखील 1936 साली इंग्लंडात बांधलेली होती. नाव आपले आणि कणा परक्याचा, ही त्या काळच्या स्वदेशीची मर्यादा होती, आणि ती त्या पिढीचा दोष नव्हे. कारण बांधायला गोदीच नव्हती.

ती गोदी उभारण्याचा ध्यास घेतला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. 1919 साली नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली, आणि 5 एप्रिल 1919 रोजी त्यांची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परकीय कंपन्यांनी भाडे पाडून त्यांना जेरीस आणण्याचा प्रयत्न केला, आणि अखेर दहा वर्षांच्या करारनाम्याने त्यांना किनारी वाहतुकीत कोंडून ठेवले. नोराच्या लढाईत इतके पोळल्यावर वालचंदांना कळून चुकले होते की, नवे जहाज हवे असताना प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्याच्याच देशातील गोदीच्या दारात उभे राहावे लागणे हा या धंद्याचा खरा अपंगपणा आहे. कलकत्त्यास जागा मिळेना, म्हणून विशाखापट्टणम निवडले गेले. 21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली. दहा महिन्यांच्या आत त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम अडखळले. आणि तरीही 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आठ हजार टनांची ‘जलउषा’ पाण्यात उतरली. 1952 साली गोदी सरकारकडे आली आणि हिंदुस्थान शिपयार्ड झाली. पुढच्याच वर्षी वालचंद गेले. एका खाजगी उद्योजकाने युद्धाच्या धुमाळीत परकीय सत्तेखाली गोदी उभारावी, हे धाडस आपल्या औद्योगिक इतिहासात अद्वितीय आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

स्वातंत्र्यानंतरचा काळ वाचक जाणतात, म्हणून त्याविषयी थोडक्यातच. 1960 साली माझगाव गोदी सरकारने घेतली. तेथे 1972 ते 1981 या काळात ‘नीलगिरी’ आणि तिच्या पाच भगिनी अशा सहा लढाऊ नौका एकामागून एक आरमारात दाखल झाल्या, आणि पहिलीपेक्षा सहावीत देशी भाग कितीतरी अधिक होता. हा चमत्कार नव्हे. एकाच हातांना सहा वेळा तेच काम मिळाल्याचा तो परिणाम आहे. त्याच गोदीत पुढे जर्मनीत शिकून आलेल्या माणसांनी दोन पाणबुड्या बांधल्या: ‘शाल्की’ 1992 साली आणि ‘शंकुल’ 1994 साली आरमारात आली. त्यापुढील दोन पाणबुड्यांचा बेत आरोपांच्या धुरळ्यात मागे पडला, आणि नव्या पाणबुड्यांचा करार झाला तो थेट 2005 साली. मधल्या काळात तो विशिष्ट पोलाद जोडणारे हात कोठे कोठे पांगले, याची मोजदाद कोणी केली असेल असे मला वाटत नाही. नव्या करारातील पहिली ‘कलवरी’ आरमारात येण्यास 2017 उजाडले.

याच्या शेजारी दक्षिण कोरियाचे उदाहरण ठेवावे. 1972 साली उल्सानच्या समुद्रकाठी ह्युंदाईचे चुंग जू-युंग यांनी गोदी आणि तीत बांधायच्या दोन अवाढव्य तेलवाहू नौका यांचे काम एकाच वेळी सुरू केले. नकाशे स्कॉटलंडचे, गिऱ्हाईक ग्रीक, आणि कामगारांपैकी बहुतेकांनी एवढे मोठे जहाज कधी पाहिलेही नव्हते. तेवढ्यात 1973 चा तेलाचा भडका उडाला, मागणी कोसळली, आणि बांधलेली जहाजे गिऱ्हाइकांनी नाकारली. तेव्हा चुंग यांनी गोदी बंद केली नाही. नाकारलेल्या जहाजांवर आपलीच वाहतूक कंपनी काढली आणि हातांना काम चालू ठेवले. जपाननेही युद्धोत्तर काळात सरकारी आखणीने दर साली मागण्या दिल्या, आणि ज्या ब्रिटनने पहिल्या महायुद्धाच्या आधी जगातील निम्म्याहून अधिक टनभार बांधला होता, त्याला 1956 साली मागे टाकले. या देशांना निसर्गाने दिलेले लोखंड नव्हते, तेल नव्हते. त्यांनी जपले ते सातत्य.

आपल्या सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये या धंद्यासाठी 69,725 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिचे मी मनापासून स्वागत करतो. आपल्या गोदीला जहाज महाग पडते याची कारणे बहुतांशी तिच्या भिंतीबाहेर आहेत: दोन-तीन वर्षे भांडवल अडकून पडते त्यावरचे जबर व्याज, परदेशातून आणावी लागणारी इंजिने आणि यंत्रसामग्री, आणि एकेका जहाजापुरती येणारी तुटक मागणी. पहिली दोन कारणे पैशाने बरीचशी दूर होतील. तिसरे पैशाने दूर होणारे नाही. त्यासाठी निश्चय लागतो. एक जहाज एका नमुन्याचे, दुसरे दुसऱ्या नमुन्याचे, एक या गोदीला आणि दुसरे त्या गोदीला, असे सगळ्यांचे समाधान करीत अनुदान वाटले, तर पैसा खर्ची पडेल आणि हात मात्र शिकणार नाहीत, अशी मला भीती वाटते.

माझगावच्या गोदीपासून थोड्याच अंतरावर दारूखान्यात कैक वर्षे जुनी जहाजे तोडण्याचे काम चालत आले, आणि गुजरातेत 1983 पासून अलंगचा किनारा जगातील सर्वांत मोठ्या जहाजतोडणीच्या जागांपैकी एक झाला. कोरियात, जपानात, जर्मनीत बांधलेली जहाजे आपल्या वाळूवर येऊन आडवी पडतात, आणि आपला मजूर ती कापून पोलाद काढतो. जहाजाच्या आयुष्याचा शेवटचा, सर्वांत धोक्याचा आणि सर्वांत कमी मोलाचा भाग आपल्या वाट्यास आला आहे. त्या मजुराच्या हातीही ज्योतच आहे, आणि नाळेचा पत्रा वाकवणाऱ्या कारागिराच्या हातीही ज्योतच. दोघांच्या मजुरीत जे अंतर आहे, तेच या विषयाचे अर्थशास्त्र.

म्हणून ज्यांच्या हाती जहाजांच्या मागण्या देण्याचा अधिकार आहे, मग ते संरक्षण खाते असो, तेल कंपन्या असोत, बंदरांचे विश्वस्त असोत अथवा किनारी राज्यांची सरकारे असोत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, मागणी द्याल ती एका नमुन्याची, एका गोदीला, आणि निदान दहा वर्षांची एकदम द्या. आणि ‘शंकुल’नंतरची ती अकरा वर्षे कोणत्याही भारतीय गोदीच्या वाट्याला पुन्हा येऊ देऊ नका.